जमिनीचं दार वाजवणारे राव सर

राव सर खणायच्या आधी जमिनीचं दार वाजवतात. अगदी खरंच. गुडघ्यांवर बसतात, थापीच्या मुठीने मातीवर टकटक करतात आणि वाकून विचारतात, "घरांत कोण आहे? आंत येऊं?" मग जरा थांबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो.

"मला काय झालंय, तंबी? न पुसतां कुणाच्या घरांत शिरतात काय?"

सर तंजावरकडचे मराठी. त्यांच्याकडे 'विचारणं' अजून 'पुसणं'च आहे, आणि मी तमिळमधला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ. मराठी बोलायला कोणीतरी हवं म्हणूनच त्यांनी मला पुरातत्त्वाच्या सर्व्हेला घेतलं, असं वर्गातले म्हणतात. असेलही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील इकडे तमिळ मुलखात, टी. नगरच्या सराफ बाजारात सोनं आटवून शुद्ध करतात. "तुम्हाला खणून काय मिळतं?" त्यांनी विचारलं. "खापरं," मी म्हणालो. ते पुन्हा भट्टीकडे वळले.

शोळिंगनल्लूरच्या पुढे, आयटीची ऑफिसं संपल्यावर आत, एका गावच्या माळावर एक कंपनी घरं बांधणार होती. त्याआधी तिथे जुनं काही आहे का, ते आम्ही बघून सांगायचं होतं. नसेल, तर लगेच जेसीबी.

चाचणीच्या खड्ड्यातून एक पांढरट तुकडा निघाला. सरांनी तो झटकला आणि जिभेला लावला. मी हबकलो. तुकडा जिभेला चिकटून तसाच लोंबत राहिला.

"हाड," सर तोंड न मिटताच म्हणाले. मग तो काढून, "दगड असा चिकटत नाही. तूं घे की एक."

मी घेतला. घरी सांगितलं, तर आईने माझा पेला वेगळा काढला. तो अजून वेगळाच आहे.

खाली जुन्या काळी पुरलेला मातीचा रांजण होता. आत लहान मुलाची हाडं आणि शेजारी तळहाताएवढं वाडगं. सरांनी थापी खाली ठेवली.

तेवढ्यात कंपनीचे मॅनेजर आले. "सुपर, सर! इथे स्विमिंग पूल येतोय. हा रांजण क्लबहाउसच्या लॉबीत ठेवू, वर लाइट सोडून!"

सरांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ते तमिळमध्ये ओरडले, "तुमचं लेकरू उचलून कोणी लॉबीत ठेवलं तर?" आणि चपला काढून थेट खड्ड्यात उतरले. रांजणाशेजारी मांडी घालून बसले. "येऊं दे जेसीबी," हे मला, मराठीत.

मॅनेजरनी मला बाजूला घेतलं. "सरांना बीपी आहे का?" ऊन डोक्यावर आलं, फोनवर फोन झाले, सर काही हलले नाहीत. दुपार कलल्यावर कंपनीच्या वरिष्ठांचा निरोप आला: स्विमिंग पूल पलीकडे सरकवू, इथे नुसतं गवत ठेवू.

सरांनी रांजणावर माती स्वतःच्या हातांनी लोटली. मग टकटक करून हळूच म्हणाले, "येतों हं, राजा."

संध्याकाळी हत्यारांची पिशवी घेऊन मी सरांबरोबर त्यांच्या मैलापूरच्या फ्लॅटवर गेलो. सरांनी बेल वाजवली. मी घाईघाईने केस सारखे केले, मातीचे हात मागे लपवले. दार उघडलं नाही. सरांनी पुन्हा बेल वाजवली, जरा थांबले आणि खिशातून किल्ली काढली.

"काकू बाहेर गेल्यात का, सर?"

"ती गेली रे. मागच्या पोंगलच्या आधीं."

ते आत गेले. दिवा लावायचा राहिला होता. मी बाहेरच उभा. मग उंबऱ्याशी वाकलो आणि चौकटीवर टकटक केली.

"घरांत कोण आहे? आंत येऊं?"

त्यांच्यासारखाच जरा थांबलो. मग अंधारातून सरांचा आवाज आला.

"आहे की. ये."