हवालदारांचा टाकीवरचा फोन

"पाण्याचं मला शिकवू नगा!" रिटायर हवालदार नाथाजी चारचौघांत छाती काढून सांगायचे. क्षारपड रानात ऊस येईना, तिथं त्यांनी तळं खणून कोळंबी सोडली होती. महिनाअखेर माल निघणार होता, आणि 'किडं पाळल्यात' म्हणून हसणाऱ्या गावाची तोंडं एकदाची बंद होणार होती.

नेमकी त्या सकाळी कोळंबी काठाला येऊन निपचित पडली! पाणी तपासलं, तर अमोनिया चढलेला. हवालदारांची पाचावर धारण बसली. कोकणातल्या सल्लागाराला फोन लावावा, तर तळ्यावर रेंज नाही. रेंज गावात एकाच जागी, पाण्याच्या टाकीवर. चढले!

आवाज परेडचा. "साहेब, पाणी पार बिघडलंय! अमोनिया! आता सगळी मरत्याल! काय? गूळ टाकू? बोअरचं पाणी सोडू? सोडतो!"

टाकीखाली नळाला बायांची रांग. हंडे धडाधड पालथे झाले. कुणी कुंडल गावाला दिलेल्या लेकीला सांगावा धाडला, कुणाच्या पोटात तिथल्या तिथं कळा सुटल्या! हवालदार शिडी उतरतात, तर खाली अख्खं गाव.

"आवं, कोळंबीचं पाणी बिघडलंय!"

"मग टाकीवर कशाला चढलासा?" सरपंच राजेश्वरीताई कडाडल्या.

"रेंजला!"

"आमी काय दूधखुळी हाय व्हय?"

नळाला पाणी सोडणारा केरू तर रडकुंडीला आला. "हवालदार, माझी नोकरी घालवता काय? पाणी चांगलं हाय, तर पिऊन दाखवा!"

हवालदारांनी तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्याले. भागलं? कुठलं! "आमच्या आळीचा नळ येगळा हाय," वरच्या आळीची स्वप्ना म्हणाली. मग वरची आळी, खालची आळी, शाळेचा नळ. तिकडं कोळंबी मरायला टेकलेली, आणि इकडं हे नळानळाला तांब्या रिचवतायत! पोट पखालीसारखं डुचमळायला लागलं.

"सोडा रं मला!"

"समाजमंदिराचा तेवढा ऱ्हायलाय," केरू म्हणाला.

शेवटी ढेकरा देत, धापा टाकत तळ्यावर पोचले, तर बायको अंजना काठावर निवांत. बोअर चालू, गूळ टाकलेला, कोळंबी वळवळतेय!

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! टाकीवरनं समदं हितपतोर ऐकाय आलं."

कोळंबी जगली. हवालदारांना रडू की हसू कळेना.

दुसऱ्या दिवशी उजाडतंय न उजाडतंय तोच केरू दारात.

"चला हवालदार, नळ सुटलाय. तुमी प्याल्याबिगर एक बाई हंडा लावंना!"