डिस्को आला नेरले

डॉक्टरांनी गुलाबमामाजींची नाडी पाहिली आणि म्हणाले, "बहात्तर. एकदम छान." तर मामाजींचं तोंडच पडलं.

"बहात्तर? म्हंजे मी आतून भजनच हावो का जी?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. आता मी त्यांना काय सांगणार! आमच्या गल्लीत हे रोजचंच आहे. मामाजी मनगटातलं घड्याळ काढतात आणि जगातल्या प्रत्येक वस्तूचे मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजतात. एकशे वीस भरले तर डिस्को, त्याच्या खाली सगळं भजन. पिठाची गिरणी डिस्को, तहसीलमधला पंखा भजन. एकदा मी ब्लाउज शिवत होते, तर हे दारात उभे. "सुनबाई, थांबू नको! एकशे अठरा झाले, थोडं दाब अजून!" मीही येड्यासारखी पाय मारत सुटले आणि बाही उलटी लागली. ती उसवताना मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे नव्हेत हो. शेजारी. पण नेरला सून म्हणून आले तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक म्हातारा आपला मामाजीच. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, रिटायर होऊन जमाना झाला. बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्या, मुलगी नागपूरला. घरात आता ते आणि त्यांचं हार्मोनियम.

तरुणपणी त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला गावोगाव भीमगीतं म्हणायचे. एका वर्षी अमरावतीला जाऊन त्यांनी कॅसेट भरली, भिंतींना गाद्या बांधलेल्या एका खोलीत. नऊ गाणी झाली, तरी दुसऱ्या बाजूला पाच मिनिटं कोरी राहिली. "कोरी कायले सोडा?" म्हणून मामाजींनी तिथल्या तिथं एक डिस्को गाणं रचलं. डिस्को त्यांनी तोवर फक्त वरातीत ऐकला होता. ड्रम कुठून आणणार? ढोलकीवाल्या देविदासनं गोडेतेलाचा रिकामा पिपा पालथा घातला आणि वरणाच्या डावानं ठोकला.

डिस्को आला नेरले, यष्टीत बसून आला
कंडक्टरनं इचारलं, हाफ का फुल बोला!

पार्टीच्या गायकाचा घसा तोवर बसला होता. म्हणून कोरसला आलेल्या एका पोरीनं ते म्हटलं. तिच्यासोबत तिचा बाप आला होता, तो कोपऱ्यात बसून होता. आणि आवाज काय लावलाय पोरीनं, माय वो! मी कधीही ऐकलं तरी हातातली कात्री थांबते.

इथपर्यंत मामाजी रंगवून रंगवून सांगायचे. पण "ती पोरगी कोण होती जी?" विचारलं की यांना एकदम पान आठवायचं. चपला घालून चालते व्हायचे.

दुसरं एक त्यांचं वेड म्हणजे आभार. आमच्याकडे कार्यक्रम तासाचा आणि आभार दीड तासाचे, हे आहेच. एखाद्याचं नाव राहिलं की तो दोन वर्षं बोलत नाही. पण मामाजींच्या हाती माइक गेला की मंडपवाला झाला, आचारी झाला, ऐनवेळी मीठ आणून देणारी बाई झाली, इतकंच नव्हे तर लाईन गेली नाही म्हणून लाईनमनचेसुद्धा आभार! समोर पंगत बसलेली, वरण थंड होतंय, आणि मी मनात यांना शिव्या घालतेय.

आणि कोणाच्याही घरी गेले की पाण्याआधी विचारणार, "आमची कॅसेट आहे का जी तुमच्याकडं?" असली तर घेऊन जायचे, दोन दिवसांनी परत आणून द्यायचे. लोक म्हणायचे, म्हातारा बह्याड झाला, डोकं फिरलं.

यंदा माझ्या मुलीनं ते गाणं मोबाइलवर टाकलं. झालं! नेर सोडा, दारव्हा-दिग्रसपर्यंत प्रत्येक हळदीत तेच. बाया पिपा वाजवून नाचायला लागल्या. मामाजींनी किती खूश व्हावं? तर हे दार लावून घरात बसले. दोन दिवस ओट्यावरसुद्धा आले नाहीत. मी वांग्याची भाजी घेऊन गेले आणि दारातूनच तोंड सोडलं, "काहून जी? जनमभर डिस्को डिस्को केलं, आता लोक नाचून राह्यले तर तुमचं तोंड कायले उतरलं?"

त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली. आत कॅसेटी. प्रत्येकीच्या कव्हरवर नावांची ही लांबलचक छापील यादी, आणि खाली हातानं लिहिलेलं, 'गायिका : कु. सिंधू'. कुठे निळ्या शाईनं, कुठे काळ्या, कुठे पेन्सिलीनं.

"जयंतीच्या आधी कव्हर छापून पाह्यजे होते," मामाजी म्हणाले. "सारे नावं मीच लेहले. अध्यक्ष लेहले, मेटॅडोरचा डायवर लेहला, चहावाला लेहला. पोरीचंच नाव राह्यलं. जयंतीले बापासंग आली. कव्हर वरून खालतं वाचलं, उलटून वाचलं, बापाच्या हातात देलं अन् चालली गेली. एक शब्द बोलली नाही, सुनबाई. त्याच्यानंतर तिले गाताना कोणंच आयकलं नाही. अन् आता मोबाइलवर बी तिचं नाव नाहीच."

म्हणजे लोकांच्या कॅसेटी नेऊन हा माणूस नाव लिहून परत देत होता. ज्यांना परत नको होत्या त्या ट्रंकेत. मला मनातून शरम वाटली, पण जीभ काही गप्प बसेना. "मामाजी, खरं सांगा. प्रेम-बिम होतं का?"

"तू बह्याड झाली का वो? घरात तुही काकू होती! अन् तिनंच तं पह्यले इचारलं, पोरीचं नाव कुठी आहे म्हणून." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

त्याच आठवड्यात मुलीनं मला मोबाइल दाखवला. गाण्याखाली मुकुटबनच्या एका बाईनं लिहिलं होतं, 'हा आवाज माझ्या सासूबाईंचा आहे.' मामाजींना वाचून दाखवलं तर त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

"चला," मी म्हटलं.

"ती मले हाकलून देईल."

"देईल तर देईल. मी शिवण सोडून येऊन राह्यली, तुम्हाले काय झालं?"

यवतमाळ, तिथून वणी, तिथून मुकुटबन. सगळ्या रस्त्यानं मामाजी माफीची तालीम करत होते. "बाई, मले माफ करा." मग जरा हळू, "माफ करजा बाई." शेवटी पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "केलं ना जी माफ! पण झालं काय?"

सिंधूबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, पांढऱ्या केसांच्या. मामाजींनी "जय भीम, मी नेरचा गुलाब" म्हटलं आणि सिंधूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांच्या सुनेनं खुर्ची दिली, चहा आणला. मामाजी बसले नाहीत, चहा घेतला नाही.

"बाई, त्या कव्हरवर तुमचं नाव राह्यलं. मी विसरलो."

"विसरले?"

"हो."

"नुसते विसरले?"

मामाजींनी खाली मान घातली. आता सूप फेकून मारते, असं मला वाटलं.

"मले वाटलं," सिंधूबाई म्हणाल्या, "आवाज खराब लागला म्हणून मुद्दाम नाव टाकलं नाही. त्याच्यापासून मी गाणंच सोडलं जी. लेकरायले अंगाई बी नाही म्हटली. म्हटलं, आपला आवाज आयकण्याजोगा नसन."

मामाजी मटकन खालीच बसले, तुरीच्या ढिगाशेजारी. "खराब? अवो बाई, लोकायनं ते कॅसेट तुमच्या एका गाण्यापायी घेतली! आमचे नऊ गाणे कोणाले आठवते?"

सिंधूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आपल्या सुनेला म्हणाल्या, "अवो सुनबाई, आयकलं का? विसरले होते ते! नुसते विसरले होते!" तेवढ्यानं भागेना, तर उठून कुंपणाशी गेल्या आणि शेजारणीला हाक मारून तेच सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मामाजींनी थंड झालेला चहा घेतला आणि आणखी एक कप मागितला.

परतीच्या गाडीत पाय ठेवता ठेवता त्यांनी माझा दंड धरला.

"सुनबाई! माफी मांगाची राहूनच गेली वो!"

"नुसतं विसरलात ना?"

"हो ना!"

"मग बसा गाडीत."