लिफ्ट नसलेले बटण

त्या कार्यालयातील लिफ्ट काढून टाकल्याला बरीच वर्षे झाली आहेत. तिचे बटण मात्र अजूनही वर्षातून दोनदा झिजते.

लिफ्टच्या जागी भिंत बांधून झाली. बटण राहिले, कारण ते काढण्याचा अधिकार लिफ्ट विभागाचा होता आणि तो विभाग लिफ्टबरोबरच गेला. त्यातला एकटा मिस्त्री उरला. झिजलेले बटण बदलणे हे त्याचे काम, आणि ते तो चोख करी.

"अहो, लिफ्टच नाही, तर तुम्ही दिवसभर दुरुस्त काय करता?" बायकोने एकदा विचारले.

"बटण."

"ते कशाला जोडलंय?"

"भिंतीला."

"बरं. भिंत वर गेली की कळवा."

नव्या साहेबांनी मात्र प्रकरण गांभीर्याने घेतले. "इंग्रजीत म्हणतात, मेलेल्या घोड्याला चाबूक मारू नये," त्यांनी बैठकीत सांगितले. "अर्थ असा की घोडा हलत नाही, हात तेवढा दुखतो." मिस्त्रीकडे वळून ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत झीज थांबवा, नाहीतर कारण तरी सांगा. दोन्ही जमलं नाही, तर तुमचं पद रद्द."

दुसरी नोकरी मिळण्याचे मिस्त्रीचे वय उलटून गेले होते. तो बटणासमोर स्टूल टाकून बसला. शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी बटण दाबले. उरलेल्या सातांचे दोन्ही हात सामानात अडकले होते (पैकी चौघांनी कोपर वापरले). 'येथे लिफ्ट नाही' अशी पाटी लावली. लोक ती वाचेपर्यंत थांबू लागले आणि थांबल्या थांबल्या बटण दाबू लागले. बटणच काढून पाहिले. लोकांनी भोकात बोट घातले, म्हणून ते परत बसवले. पालथ्या घड्यावर पाणी, पण शिस्तीत रांग लावून.

शुक्रवारी पद रद्द झाल्याचा आदेश हातात घेऊन साहेब स्वतः खाली आले. त्यांच्या पुढच्या कारकुनाने बटण दाबले, क्षणभर वर पाहिले आणि जिना धरला. साहेबांनीही बटण दाबले.

"साहेब, घोडा मेलाय," मिस्त्री अदबीने म्हणाला.

"माहीत आहे हो. पण त्यानं नीट दाबलं नव्हतं."

मिस्त्रीने हेच कारण म्हणून लिहून दिले, आणि पद कायम राहिले. अहवाल असा: घोडा मेला आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते, आधीच्याने चाबूक नीट मारला असेल, यावर मात्र कोणाचाही विश्वास नसतो. (वाचकांचाही नाही. आधीच उजळलेले बटण आपण पुन्हा दाबतो, ते याच कारणाने.)