तीन कोटेशनं आणि दीड टन गारवा

माणसाला एकच भाव सांगितला तर त्याला वाटतं, आपल्याला लुटताहेत. त्याच वस्तूचे तीन भाव सांगितले तर त्याला वाटतं, आपल्याला अक्कल आहे. सरकारनं हे फार पूर्वीच ओळखलं. म्हणून सरकारी कचेरीत टाचण्यांचा डबासुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेत नाहीत. या नियमानं देशाचा किती पैसा वाचला ते मला ठाऊक नाही. कागद मात्र पुष्कळ लागला असणार, आणि कागदवाल्यांनाही पोटं आहेतच.

माझा मुलगा जयप्रकाश अशाच एका कचेरीत आहे, आणि तेही खरेदी खात्यात. दिवाळे गावात खुर्चीवर बसून पगार घेणारा तो तिसरा. (पहिले दोघे खुर्चीसकट गाव सोडून गेले, तेव्हा पहिलाच म्हणायला हरकत नाही.) मी स्वतः दुसरी यत्ता शिकले, तीही पावसाळ्यापुरती. त्यामुळे घरात अकलेची कामं त्याच्याकडे असतात आणि बाकीची सगळी माझ्याकडे.

गोष्ट आहे आमच्या वरच्या खोलीत एअर कंडिशन बसवण्याची. पण आधी ती खोली का तापली ते सांगायला हवं.

आधी आमचं घर कौलांचं होतं. खाडीचा वारा एका अंगानं आत शिरायचा आणि घरातली भांडणं घेऊन दुसऱ्या अंगानं बाहेर पडायचा. मग जमिनीचे पैसे आले आणि गावानं ठरवलं की कौलं म्हणजे गरिबी. आम्हीही मागं राहिलो नाही. एक मजला चढवून वर स्लॅब टाकला. स्लॅबचे फायदे पुष्कळ. त्यावर बोंबील वाळत घालता येतात. ते दोनऐवजी एका दिवसात वाळतात. आणि स्लॅबखालच्या खोलीतलं माणूसही त्यांच्याबरोबरच वाळतं, त्यासाठी वेगळी जागा अडत नाही.

त्या वर्षी चैत्रात त्या खोलीत माझी सून मैना वाळत होती. तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, उरणजवळच्या करंज्याला, झालं होतं. दुसरं सासरी व्हायचं, अशी आमच्यात रीत आहे. दुसऱ्या खेपेलाही सून माहेरी गेली तर गाव विचारत नाही, पण पाण्यावर जाताना थांबून आपल्या दाराकडे बघतं. ते विचारण्यापेक्षा वाईट.

मैना बाजारातही माझ्याबरोबर असते. बेलापूरच्या मासळी बाजारात आम्ही घरच्या तिघी बसतो. तोंडाशी मी, मधे माझी नणंद गिरजाबाई, आणि पार कोपऱ्यात मैना. (आमचं तिघींचं आपसात बोलणं नाही, असा गिऱ्हाइकांचा समज आहे. आम्ही तो मोडत नाही.) मैनेला पाटीपाशी बसवेना म्हणून कोपरा रिकामा होता, आणि तेव्हापासून माझा आणि गिरजाबाईचाही धंदा अर्ध्यावर आला होता. हे का, ते पुढं येईल.

एका दुपारी मैना जिना उतरून खाली आली. केस ओले, पाण्यानं नव्हे. तिनं मला शांतपणे सांगितलं.

"आये, वैशाखाच्या पुनवेपरत खोली थंड झाली नाय तर मी करंज्याला जाते. आनि बालंत झाल्यावर तिकरंच ऱ्हाते. उरनच्या बाजारान आयशीच्या बाजूला माजी पाटी लावीन."

बोलून ती पुन्हा वर गेली. रागानं बोलली असती तर मी दोन शब्द परत दिले असते. शांत बाईला काय देणार?

संध्याकाळी जयप्रकाशच्या कानावर घातलं. तो म्हणाला, पंखा गरम हवाच फिरवतो, तेव्हा एअर कंडिशन घेऊ. त्याच्या साहेबाच्या केबिनला होतं. साहेब कधीच घामेजलेला दिसत नाही आणि कधीच काम करताना दिसत नाही, तेव्हा यंत्र गुणाचं असणार.

चौथ्या दिवशी वाशीहून रोहिदास नावाचा एजंट आला. सफारी घातलेला, हातात टेप. मूळचा घणसोली गावचा, म्हणजे खाडीकाठचाच. त्यानं खोली मापली आणि दीड टनाचं मशीन लागेल म्हणाला. आमचे हे, सिताराम, ओट्यावर जाळं विणत बसले होते. त्यांनी वर बघून स्लॅबची काळजी व्यक्त केली. रोहिदासनं समजावलं की हे वजन नव्हे. चोवीस तासांत दीड टन बर्फ विरघळून जेवढा गारवा देईल, तेवढा ते मशीन देतं.

आता बर्फाचं मला कोणी सांगायला नको. दीड टन म्हणजे तीस लाद्या. मी बसल्या जागी मनाशी नोंद केली.

रोहिदासनं भाव लिहून दिला. जयप्रकाशनं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सांगितलं की आमच्याकडे एका कोटेशनवर खरेदी होत नाही, नियमाप्रमाणं तीन लागतात.

"तीन ना साहेब?" रोहिदास म्हणाला. "तुम्ही उन्हात कशाला फिरता? बाकीची दोन मीच आणून देतो."

असा निःस्वार्थी व्यापारी मी पाहिला नाही. स्वतःचा धंदा सोडून आपल्या दोन वैऱ्यांच्या दुकानी जायचं, त्यांचे भाव लिहून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला घरपोच द्यायचे! जयप्रकाशला त्यात काही नवल वाटलं नाही. त्याच्या कचेरीत वर्षानुवर्षं असंच होतं, आणि आजवर एकदाही असं झालं नाही की आणणाऱ्याचा भाव सगळ्यांत कमी निघाला नाही. यावरून आणणारे किती प्रामाणिक असतात ते दिसतं.

तीन कोटेशनं आली. एक सोळा हजारांचं, एक पंधरा हजार चारशेचं आणि रोहिदासचं चौदा हजार नऊशेचं. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची, वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर. तिन्ही कागदांना सुपारीचा एकच वास होता, पण वासाचा रकाना जयप्रकाशच्या तक्त्यात नव्हता.

कारण त्यानं तक्ता केला होता. 'तुलनात्मक तक्ता', अकरा रकान्यांचा. शिवाय घरगुती खरेदी समिती नेमली. अध्यक्ष जयप्रकाश, सदस्य सिताराम, विशेष निमंत्रित मी. (विशेष निमंत्रितानं चहा करायचा असतो.) समितीच्या पाच बैठका बोलावल्या. पैकी तीन बैठका सदस्य होडीवर गेल्यानं तहकूब झाल्या. एका बैठकीत सदस्य झोपले. उरलेल्या बैठकीत असं ठरलं की पुढची बैठक घ्यावी. मैनेला समितीवर घेतलं नव्हतं, कारण लाभार्थी माणसाचं मत निःपक्षपाती नसतं.

पुनवेला अठरा दिवस उरले. मैनेनं पत्र्याची ट्रंक खाटेखालून बाहेर काढली. भरली नाही, नुसती बाहेर काढून ठेवली.

मी सकाळी बर्फाच्या कारखान्यातून म्हावऱ्यासाठी, म्हणजे मासळीसाठी, लागणाऱ्या लाद्यांबरोबर एक लादी जास्तीची आणायला लागले. गोणपाटात गुंडाळायची, घमेल्यात ठेवायची, पाठीमागून टेबलफॅन लावायचा. मैना दुपारची दोन तास झोपायला लागली. जयप्रकाशनं हे पाहिलं आणि ही तात्पुरती व्यवस्था असल्याची नोंद तक्त्याच्या खाली केली. खोलीला पापलेटाचा वास यायला लागला खरा, पण आमच्या घरात तो वास नसता तर पोराला आपण चुकीच्या घरात जन्मलो असं वाटलं असतं.

पण लादी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही, आणि ट्रंक जागची हलत नव्हती.

शेवटी पुनवेला आठ दिवस असताना मी निरोप धाडून रोहिदासला बोलावलं. जयप्रकाश कचेरीत होता. ओट्यावर बसवून चहा दिला. तो बशीत ओतून पहिला घोट घेईपर्यंत थांबले आणि विचारलं,

"रोहिदास, तिनी पाट्यान म्हावरं एकाच होडीचं ना रं?"

बशी तिथंच थांबली. मग सफारीच्या आतला घणसोलीचा पोरगा बाहेर आला.

"मावशे, माजी आय ठान्याच्या बाजारान बसायची," तो म्हणाला. "दोनी अंगाला माज्या दोन मावश्या."

"मंग?"

"मंग काय? शालंत जाऊन हिशोब शिकलो, धंदा तिच्याकरशीच शिकलो." त्यानं उरलेला चहा संपवला आणि बशी पालथी घातली. "बेलापूरच्या बाजारान तुमची कोपऱ्याची पाटी दोन म्हयने रिकामी दिसते. बाजार बसला असंल."

"बसलाय."

"मंग पोरीला लवकर उभी करायला पायजे."

"म्हनून तर तुला चाय पाजली. आता होडीवरचा भाव सांग."

होडीवरचा भाव म्हणजे माल पाटीत पडण्याआधीचा भाव. तो फक्त घरच्यांना सांगतात. रोहिदासनं सांगितला, साडेतेरा हजार. पण तो जयप्रकाशच्या तोंडावर कसा सांगायचा? आपल्या कचेरीत इतकी वर्षं एकाच होडीचं म्हावरं आलं, हे त्याला कळलं असतं तर त्यानं पुन्हा समिती नेमली असती. रोहिदास जाणता. त्यानं लिहून दिलं, 'समितीच्या कणखर वाटाघाटींमुळे विशेष सवलत.'

जयप्रकाशनं तो कागद मला वाचून दाखवला, दोनदा.

"आये, याला वाटाघाटी म्हणतात."

मी म्हटलं, असेल बाबा, मी कुठं शिकलेली.

पुनवेच्या दोन दिवस आधी मशीन बसलं. वरच्या खोलीला एकच मोठी खिडकी होती, खाडीच्या बाजूची. वारा तिथूनच यायचा. मशीन तिच्यातच बसवलं, कारण मापात तीच बसत होती. सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी आळीतले चार बल्ब मंदावले आणि आम्ही श्रीमंत झाल्याचं सगळ्यांना एकदम कळलं.

मग रोहिदास जाताना सांगून गेला की दार बंद ठेवायचं. आमच्या गावात दिवसाढवळ्या दार दोनच कारणांनी बंद होतं, घरात कोणी गेलं तर किंवा भावाभावांचं फाटलं तर. तासाभरात सात बाया विचारपूस करून गेल्या. एक तर पदर डोक्यावरून घेऊनच आली होती. शिवाय मैना म्हणाली की बंद खोलीत आपल्याला पेटीतल्या पापलेटासारखं वाटतं. तेव्हा दार उघडं ठेवून मशीन चालवायचं ठरलं. खोली बेताची गार होते, पण जिना अतिशय थंड असतो.

ट्रंक पुन्हा खाटेखाली गेली. जयप्रकाशला वाटतं तक्त्यामुळं. आमच्या यांना वाटतं मशीनमुळं. मैनेनं मला एकटीला सांगितलं, "आये, बरफाची लादी तेवरी बंद करू नको."

मुलगी झाली, दवाखान्यात, पंख्याखाली. श्रावण सरल्यावर मैना पुन्हा कोपऱ्यात बसली आणि त्याच दिवशी माझ्या आणि गिरजाबाईच्या पाट्यासुद्धा दुपारच्या आत रिकाम्या झाल्या.

तुम्ही मघापासून जयप्रकाशला हसताय, ते मला कळतंय. आईचं काळीज आहे, पण हसा. येत्या रविवारी मात्र बेलापूरला या. याल म्हणा, तुम्ही येताच. तोंडाशी मी असेन. पापलेटाच्या जोडीचे चाळीस सांगेन आणि तुम्ही कमी मागितलंत की नाक मुरडेन. तुम्ही तोऱ्यात पुढं जाल. गिरजाबाई पस्तीस सांगेल. तुम्ही मनातल्या मनात तक्ता मांडाल आणि कोपऱ्यात पोहोचाल. तिथं मैना तीस सांगेल, आणि पिशवीत जोडी टाकताना इकडंतिकडं बघून हळूच म्हणेल, "ताई, तोंडाशी ती म्हातारी बसलीय ना, तिला भाव सांगू नका हां."

नऊ वर्षं झाली. एकाही गिऱ्हाइकानं मला अजून सांगितलेलं नाही.