धवलपंतांचं सोंग

मुलांनो, सरळ बसा. गोष्ट छोटी आहे. मध्येच हसलात तर तिथेच थांबवीन.

एका जंगलात पाणवठा एकच होता. तिथे धवलपंत नावाचा बगळा एका पायावर उभा राहून विचार करी. त्याचा विचार असा : तहान हा मनाचा खेळ आहे. पाणी प्यायलं की ती वाढते. म्हणून शहाण्याने पाणवठ्याकडे फिरकू नये.

ऐकायला फक्त बेडूक असत. तेही रोज कमी होत.

चिमाजी माकडाला हे खपेना. सगळ्यांनी मनावर घेतलं तर पाणवठा एकट्या बगळ्याचा होईल, एवढं त्याला कळत होतं.

"याची फजितीच करतो," तो म्हणाला.

"त्यापेक्षा विचार ना त्याला, तू स्वतः पाण्यात का उभा?" सारजाआत्या कासवीण म्हणाली.

"आत्या, त्यात हसू कुठे येतं?"

शिमगा आला. त्या जंगलात शिमग्याला सोंगं काढायची रीत होती. ज्याचं सोंग निघेल त्याने रागवायचं नाही. चिमाजीने अंगाला राख फासली, नाकावर शेंग बांधली, एक पाय पोटाशी घेतला आणि धवलपंतांचा सगळा विचार डफावर गाऊन दाखवला.

हरणं लोळली. अस्वलाला उचकी लागली.

"पुन्हा! पुन्हा!"

चिमाजी पुन्हा गायला.

धवलपंत मागेच उभा होता. मान लववून म्हणाला, "चिमाजीराव, आमचं म्हणणं इतकं सोपं करून सांगणं आम्हालाही जमलं नव्हतं."

म्हातारा आतून जळतोय, असं चिमाजीला वाटलं. त्याची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी पाडसं एका पायावर उभी राहून तेच गाऊ लागली. मग त्यांच्या आया. आधी चाल तोंडात बसली, मागून शब्द बसले. हसता हसता एकेकाचं पाणवठ्यावर येणं सुटलं. ओला पाला चघळून दिवस ढकलायचा आणि गाणं म्हणायचं. उन्हाळा चढला तशी वाटेवर डुकरं पहाऱ्याला बसली. कोणी चुकून पाणी पिऊ नये म्हणून.

चिमाजीची जीभ टाळूला चिकटली. तो पाणवठ्याकडे धावला. गेनू डुकराने त्याला अडवलं.

"गेनूभाऊ, बाजूला हो. तहान लागलीय रे."

गेनू खो खो हसला. "अरे, या रे सगळे! चिमाजीनं नवं सोंग काढलंय!"

सगळे जमले.

"सोंग नाही रे! तेव्हा थट्टा केली होती! बगळा खोटं बोलतो! मी मरतोय!"

"वा! आवाज कसा कापरा काढलाय बघा!"

चिमाजी भोवळ येऊन पडला. टाळ्या थांबेनात.

"गलका नको," धवलपंत पाण्यातून म्हणाला. "कलावंताला मोकळीक द्या." आणि त्याने एक मासा गिळला.

तात्पर्य : ज्याचे विचार घातक वाटतात त्याची पोटभर थट्टा करावी. प्रश्न विचारले तर त्याला उत्तरं द्यावी लागतात. मोठ्या माणसांना असा त्रास देणं बरं नव्हे.