पाय बघणाऱ्या सिस्टर

आमच्या बिल्डिंगमधल्या परब सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नाहीत. आधी पाय. मग ती लिफ्ट असो, बँक असो नाहीतर सत्यनारायणाची पूजा. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना चारचौघांत मोजे काढायला लावले. "टाचेला भेगा बघा केवढ्या! मुलीचं मागाहून बघा, आधी टाचा बघा." सासरे आजही आमच्याकडे आले की सिस्टरांना चुकवून जिन्याने चढतात.

पस्तीस वर्षं त्यांनी पालिकेच्या दवाखान्यात ड्रेसिंग केलं. मूळच्या कुडाळच्या. चिडल्या की मालवणीत शिरतात आणि बहुतेक वेळ चिडलेल्याच असतात.

गेल्या वर्षी त्यांचा सगळा राग एका जागी साचला. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडली की पलीकडे गाव आहे, शेतं आहेत, दवाखानाही आहे. फक्त त्यात ड्रेसिंगची खोली नव्हती. जखमी पायाच्या म्हाताऱ्यांनी एक दिवसाआड लंगडत जेट्टी गाठायची, बोटीत चढायचं आणि इकडे येऊन पट्टी बदलायची.

"पायाक जखम झाली म्हणान दवाखान्यात जावचा, आणि दवाखान्यात जावक धड पाय होयो! मेल्यांनू, लाजा नाय तुमका?" हे त्या मलाच सुनावत होत्या. मी विमा कंपनीत कारकून. माझा काय संबंध?

शेवटी एका बिल्डरने शब्द दिला. पन्नास ज्येष्ठांनी त्या गावातून आठ किलोमीटर चालून दाखवलं, तर खोली बांधून देतो. सिस्टर तेव्हा एकाहत्तरच्या. त्यांनी कट्ट्याकट्ट्यावर जाऊन बरोबर पन्नास माणसं जमवली.

आणि चालण्याच्या दिवशी सकाळी पलीकडच्या जेट्टीवर स्टूल टाकून त्यांनी पन्नासही जणांचे पाय तपासायला घेतले! बॅनर लागलेला, ढोल-ताशा ताटकळलेला, ऊन चढायला लागलेलं. सिस्टरांनी अकरा जणांना बाद केलं. कुणाची चप्पल झिजलेली, कुणाचा अंगठा सुजलेला.

नावांची यादी माझ्या हातात. माझं डोकंच फिरलं. "सिस्टर, एकोणचाळीसच उरले! खोली गेली ना हातातली!"

"खोलीसाठी ह्यांचे पाय फोडू?" त्या माझ्यावरच डाफरल्या.

तेवढ्यात बिल्डरशेठ कोरे करकरीत बूट घालून झेंडा दाखवायला आले.

"शेठ, बूट काढा."

"अहो, मी कुठे चालणार आहे?"

"काढा म्हटलं ना!"

बूट निघाला तसा त्यातून हरभऱ्याएवढा खडा पडला. मोजा रक्ताने भिजलेला. शेठ नुसते बघतच राहिले. त्यांना काही जाणवलंच नव्हतं.

"साखर आहे ना? औषध घेता की विसरता?" शेठनी मान खाली घातली. सिस्टर भर जेट्टीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. "घाबरू नको हां बाबा, झालंच." सिस्टरांचा इतका मऊ आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

एकोणचाळीस जण आठ किलोमीटर चालले. सिस्टर सगळ्यांत पुढे, मागे वळून ओरडत. पन्नासाचा आकडा शेठनी पुन्हा काढला नाही. खोली झाली.

परवा बुधवारी कामाने त्या गावात गेलो, तर दवाखान्याच्या बाकावर सिस्टर. हातात केसपेपर.

"पायाला काय झालं?"

"काय नाय."

मी उखडलो. "खोली तुमच्यामुळे झाली आणि तुम्ही रांगेत? थेट आत जा ना!"

"आत नवीन पोर आहे. हात चांगला आहे तिचा. तिच्या डोक्यावर कशाला बसू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हय बसला की बाजूक माणूस असता. आणि नंबर इलो की ती नावान हाक मारता. आमचे हे गेल्यापासून माका सुलभा म्हणणारा कोण आसा?"



आतून आवाज आला, "सुलभा परब!"

"इलंय गो!" सिस्टर ताडकन उठल्या. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीला हाताला धरून उभं केलं, आपल्या नंबरावर तिला आत पाठवलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसल्या.