चांगुणाचा पाण्याचा नंबर

बायकोला आराम द्यायचा, असं मी एका गुरुवारी ठरवलं. तसा मी ठरवणारा माणूस नाही. ऑफिसात साहेब ठरवतात, घरी चांगुणा ठरवते, मी कागद पुढं सरकवतो. पण त्या दिवशी ठरवलं खरं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादहून फायली आल्या, त्यांच्या मागोमाग आम्ही कारकून आलो. (खुर्च्या यायच्या होत्या. मी सहा महिने गठ्ठ्यांवर बसून जिल्हा चालवला.) त्यातच दुष्काळ पडला. आमच्या गल्लीत दिवसाआड सकाळी टँकर यायचा.

आमची सिंधू आठ वर्षांची होती. जन्मताना तिला रडायला उशीर झाला, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. ती चालत नाही, बोलत नाही. हातांच्या मुठी आपोआप मिटलेल्या असतात. वाटीभर पेज भरवायला तास लागतो. हसते मात्र खळखळून, आणि कशाला हसेल ते सांगता येत नाही. तिला उठवणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं चांगुणा करायची. मी काय करायचो? मी काळजी करायचो.

त्या गुरुवारी एका शाळेत अशा मुलांच्या आयांसाठी शिबिर होतं. मी अर्धी रजा टाकून दोघींना घेऊन गेलो. बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरीणबाई चांगलं बोलल्या. म्हणाल्या, अशा आईचं अंग झोपेतसुद्धा ताठलेलं असतं. तिनं रोज वीस मिनिटं स्वतःला द्यावीत. उताणं पडावं, मुठी आवळून सोडाव्यात, चार मोजून श्वास घ्यावा, सहा मोजून सोडावा. मग डोळे मिटून मनात वाहती नदी आणावी.

"कंची नदी?" चांगुणानं माझ्या कानात विचारलं. "मांजरा तर आटलीय."

"कुठलीबी आण. मनातच आणायचीय."

सूचनांचा सायक्लोस्टाईल केलेला कागद मी घडी करून खिशात घातला. ही वीस मिनिटं काढायची कुठून? घरी येईतो मला उत्तर सापडलं. पाण्यातून! टँकरच्या दिवशी चांगुणा साडेपाचला नंबराला बसायची, ती आठला घागरी घेऊन यायची. तेवढा वेळ सिंधूजवळ शेजारच्या धुरपताबाई बसायच्या.

"उद्यापासून पाणी मी आणणार," मी जाहीर केलं. "तू निवांत पडून ऱ्हायचं."

"तुमी?"

"हाव. मी."

तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, गहिवरली.

नंबराला चाळीस बायका आणि मी. मी पोचलो की बोलणं बंद व्हायचं. (सरकारी माणसाचा मान, दुसरं काय.) पहिल्या दिवशी दोन घागरी भरल्या, त्यातली दीड घरी पोचली. उरलेली अर्धी माझ्या पायजम्यात होती. तरी मी खूश होतो. घरी बायको आराम करतेय, या विचारानं खांदाही दुखत नव्हता.

घरी मात्र औषध उलटंच लागू पडत होतं. वरणात कधी मीठ दोनदा, कधी अजिबात नाही. तवा चुलीवर ठेवला जात नव्हता, आपटला जात होता. भिंतीकडं तोंड करून चांगुणा तासन्‌तास गप्प. मला वाटलं, कागदाप्रमाणं करत नसेल. दुसऱ्या रविवारी मीच घड्याळ घेऊन बसलो. तिला सतरंजीवर झोपवलं. शेजारी सिंधू होती.

"मुठी आवळ," मी म्हणालो. "पाच मोजेपर्यंत. हां, आता सोड."

सिंधू खळखळून हसली.

"पाय ढिले. कपाळ ढिलं. नदी आली का?"

"न्हाई."

"मग परत. मुठी आवळ."

चांगुणा उठून बसली. तिनं सिंधूची मूठ हातात घेतली आणि अंगठ्यानं एकेक बोट उघडत गेली, रोज उघडते तशी. शेवटचं बोट उघडेपर्यंत पहिलं परत मिटलं होतं.

"हिला सांगा की, सोड म्हून," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी घड्याळ काढून फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नंबराला माझ्यापुढं बसलेल्या गुणाबाई एकाएकी मागं वळल्या.

"साहेब, चांगुणाचं दुखणं लई हाय का वो?"

"दुखणं? छे. ती आराम करतेय."

"कुनी कराय लावला?"

"मी."

गुणाबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "आवो, तिचा आराम तर हितं व्हता."

मला कळेना. त्यांनी समोरची कडुलिंबाची सावली दाखवली. तिथं चांगुणाची जागा होती म्हणे. घागर ओळीत ठेवायची आणि तिथं पाय पसरून बसायचं. कुणी तिची वेणी घालायचं, कुणी तंबाखूची मिश्री द्यायचं. ती सगळ्यांच्या नकला करायची. अडीच तास तिला कुणी हाक मारायचं नाही.

"एकदा तर हसून हसून टँकर निघून गेला बगा आमचा," गुणाबाई म्हणाल्या.

"नकला कुणाच्या?"

"जाऊ द्या ना साहेब," त्या म्हणाल्या, आणि मागच्या चार बायकांनी तोंडाला पदर लावला.

मी घागरी घेऊन परत निघालो. बारा वर्षं संसार केला होता, पण बायको नकला करते हे मला ठाऊक नव्हतं. आणि चांगुणा घरात असते म्हणून धुरपताबाईंनीही येणं थांबवलं होतं. म्हणजे वीस मिनिटं देण्याच्या नादात मी तिचे अडीच तास काढून घेतले होते.

"परवापासून पाण्याला तूच जायचं," मी दारातूनच म्हणालो. (गल्लीत कुणी ऐकलं असेल तर नवरा काय नग आहे म्हटलं असेल.) "सिंधूला मी बघतो. धुरपताबाईंचे गुडघे दुखतात."

चांगुणानं घागरी उतरवून घेतल्या. मग एवढंच म्हणाली, "पेज लई पातळ करू नका. ठसका लागतो."

तरी ठसका लागलाच. पहिल्याच दिवशी. सिंधूचा श्वास अडकला, ओठ निळे पडत चालले. मी तिला उचलून छातीशी उभं धरलं, पाठीवर थोपटत राहिलो. कुणाला हाक मारायचंही सुचलं नाही. पेज माझ्या खांद्यावर आली आणि श्वास मोकळा झाला. सिंधू माझ्याकडं बघून हसली. मी तिचे श्वास मोजत बसलो. चार नाही, सहा नाही. फक्त येतोय ना, एवढंच. चांगुणा हे आठ वर्षं रोज करत होती.

हळूहळू जमत गेलं. तिला मांडीवर कसं टेकवायचं, घास जिभेवर कुठं ठेवायचा, हे सिंधूनंच मला शिकवलं. घरातल्या वरणात मीठ एकदाच पडू लागलं.

एकदा टँकर बिघडल्याचा निरोप आदल्या दिवशीच ऑफिसात आला. सकाळी मी चांगुणाला म्हणालो, "आज टँकर न्हाई येणार."

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन निघाली.

आठ वाजता ती परत आली. वेणी नवी घातलेली, घागर कोरडी. मागं दोन अनोळखी बायका होत्या. मी सिंधूला भरवत होतो. बायकांनी उंबऱ्यातून माना आत घातल्या.

"म्या सांगत व्हते, त्यास्नी पटंना," चांगुणा मला म्हणाली. "म्हून दाखवाय आणलं."

पहिलीनं मला नीट न्याहाळलं. "खरंच भरवायलेत की गं."

"हाव," दुसरी म्हणाली. "पण पोरीपरीस सदऱ्यालाच जास्ती घातलंय."